परतीचे चार गॅलन

आमच्या फ्रिजच्या दारावर मुलांचे फोटो नाहीत, कारण आम्हाला मुलं नाहीत. तिथं घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चुंबकाखाली एक कागद असतो. अडतीस वर्षं, दर ऑक्टोबरात नवा कागद. कोण निघालंय, कुठल्या वाटेनं, मुक्काम कुठं, पाणी किती, पेट्रोल किती, आणि सगळ्यात खाली परतायची वेळ. ती वेळ उलटली की शेरीफला फोन करायचा. नेवाडातल्या आमच्या बाजूला कुठलाही शहाणा माणूस असा कागद मागे ठेवल्याशिवाय डांबर सोडून वाळवंटात शिरत नाही. आता कागद मागे ठेवायचा म्हणजे तो सांभाळायला कोणीतरी मागे राहिलं पाहिजे. आमच्या घरात ते कोणीतरी म्हणजे मी, नॅडीन.

आणि जाणारा म्हणजे मर्ल, माझा नवरा. त्याला ओसाड गावांचं वेड. आमच्या डोंगरांत ती जागोजाग पडली आहेत. चांदी सापडली तेव्हा दोन वर्षांत बँक, शाळा, दारूचे गुत्ते उभे राहिले, आणि चांदी संपली तेव्हा माणसं टेबलावरच्या बशाही न उचलता निघून गेली. त्यातलं गॅलंट नावाचं एक गाव, जुनी गावं जपणाऱ्या मर्लच्या मंडळानं जवळजवळ दत्तकच घेतलंय. दरवर्षी ही मंडळी जातात, उडालेले पत्रे ठोकतात, कललेल्या भिंतींना टेकू देतात आणि दाढ्या वाढवून परत येतात. आमच्या घरामागचा नळ तीन वर्षं गळतोय. गॅलंटमध्ये एक माणूस राहत नाही, पण तिथलं एकही छप्पर गळत नाही.

एका वर्षी कागदावर संध्याकाळी सहा लिहिलेलं होतं. सहा वाजले, मी फोन केला. शेरीफची माणसं दोन गाड्या घेऊन निघाली. मर्ल साडेतीन तासांनी शिट्टी वाजवत घरी आला. वाटेत कोणाची तरी गाडी वाळूत रुतली होती, ती काढत बसला होता. वर माझ्यावरच चिडला, थोडं थांबायला काय झालं होतं म्हणाला. गावातले लोक पुढं महिनाभर मला ‘शेरीफबाई’ म्हणत होते. तेव्हापासून मर्ल कागदावर खऱ्या वेळेच्या तीन तास पुढची वेळ लिहायचा. ते साडेतीन तास मी स्वयंपाकघरात कसे काढले हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.

या मार्चमध्ये रेनो शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं की त्याच्या नजरेचा मधला भाग गेलाय आणि तो परत येणार नाही. कडा शाबूत आहेत. म्हणजे मर्लला लांबच्या डोंगराची रेघ दिसते, पण समोर बसलेल्या माझं तोंड दिसत नाही. कोणाकडे बघायचं झालं की तो कोंबडीसारखी मान तिरकी करतो. गाडी चालवायचा परवाना परत द्यावा लागला. ते काम त्यानं स्वतः केलं, खिडकीतल्या बाईला ‘आभारी आहे’ म्हणाला आणि पाकीट खिशात घालून बाहेर आला.

उन्हाळाभर आमच्या घरात कोणी धड बसलं नाही. तो खुर्चीतून उठायचा, अंगणात जायचा, पिकअपमध्ये बसून इंजिन चालू करायचा, पाच मिनिटांनी बंद करायचा. बॅटरी उतरू नये म्हणून, म्हणे. परत आत. परत बाहेर. मी त्याच्या मागे. तो पायरीपाशी आला की माझा हात आपोआप पुढं जायचा आणि तो झटकून टाकायचा. एकदा नाश्त्याला गावातल्या हॉटेलात गेलो तर वाढणाऱ्या पोरीनं मला विचारलं, यांना कॉफी हवीय का? मर्ल तिथंच बसला होता, तिच्यापासून हातभर अंतरावर. त्यानंतर तो त्या हॉटेलात आला नाही.

सप्टेंबरात त्यानं अचानक जाहीर केलं की ऑक्टोबरची फेरी होणार. गाडी ड्वाइट चालवेल. ड्वाइट म्हणजे मंडळातला रेनोचा माणूस, पन्नाशीचा, अबोल आणि भरवशाचा. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. जेवायच्या टेबलावर जुना नकाशा पसरला गेला. मर्लला त्यातलं अक्षर दिसत नव्हतं, पण बोट बरोबर चालत होतं. तो बोलायचा, मी लिहायचे. पहिला दिवस पायपरच्या गिरणीपर्यंत, पूर्वी तिथं चांदीचं खनिज दळत. दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून गॅलंट. जादा चाकं दोन, वाळूसाठी टायरची हवा अठरावर उतरवायची, फावडं, फळ्या, हवा भरायचा पंप. पाऊस झाला तर कोरड्या तळ्यातून जायचं नाही, कडेनं जायचं. हे सगळं मला पाठ होतं, तरी मी लिहून घेतलं. तो परत पूर्वीसारखा हुकूम सोडत होता ते ऐकायला बरं वाटत होतं.

“पाणी?” मी विचारलं.

“बारा गॅलन.”

माझं पेन थांबलं. आमच्याकडे पाण्याचं गणित पोरांनाही येतं. माणशी दिवसाला एक गॅलन, आणि जे उत्तर येईल त्याच्या दुप्पट. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, माणसं दोन. गॅलंटला झरा आहे, तिथलं धरायचं नाही. आठ होतात, म्हणजे सोळा. मी सोळा म्हणाले तर तो म्हणाला, बारा पुरे. परतायची वेळ विचारली तर म्हणाला, ते राहू दे, नंतर बघू.

दुपारी बटाटे सोलताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चार गॅलन कमी. चार गॅलन म्हणजे एका माणसाची परतीची वाट. जायला दोघं होते. यायला एकच होता.

आमच्या गावात हॅस्केल नावाचा म्हातारा होता. बायको गेल्यावर एका सकाळी तो गाडी घेऊन कोरड्या तळ्याकडे गेला, तो परत आलाच नाही. त्यानं कागद ठेवला नव्हता. मी सुरी खाली ठेवली आणि सिंकची कड धरून उभी राहिले. बाहेर मर्लनं पिकअप चालू केली होती. ते इंजिन बंद होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

मी त्याला विचारायला हवं होतं. दोन दिवस विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? मी त्याच्या मागून मागून फिरत राहिले, तो चिडत राहिला. कपाटातलं पिस्तूल रुमालात गुंडाळून मायतेकडे नेऊन दिलं. मायते आमची शेजारीण, स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळांच्या घरातली, ती कशानंही दचकत नाही. तिनं ते लसणाच्या टोपलीत ठेवलं, वर लसूण रचला आणि विचारलं, “किती दिवस?” मला माहीत नाही म्हटल्यावर तिनं मला खुर्चीत बसवलं आणि वाटीभर सूप प्यायला लावलं. नवऱ्याला सरळ विचार, म्हणाली, तुम्ही दोघं एकमेकांशी कागदावरच बोलता.

तिसऱ्या दिवशी मर्ल बाहेर इंजिन चालवत असताना मी त्याची मोठी बॅग उघडली. मला काय सापडेल अशी भीती होती ते मी सांगत नाही. सापडल्या सहा जोड थंडीच्या आतल्या विजारी. मेंढीच्या कातड्याचा कोट. मायतेच्या हातच्या मिरच्यांच्या लोणच्याच्या चार बाटल्या, ज्या आमच्या फडताळातून गायब झाल्याचं मला कळलंही नव्हतं. आणि तळाशी, मोज्यात लपवलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या. पाच महिन्यांच्या.

मी पलंगावर बसले. मरायला निघालेला माणूस पाच महिन्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर घेत नाही. मला आधी हसू फुटलं, मग रडू आलं, आणि मग असा संताप आला की ती लोणच्याची बाटली भिंतीवर फेकावी. बाटली मी जपून खाली ठेवली, कारण लोणचं मायतेचं होतं.

अंगणात गेले. तो चालवणाऱ्याच्या जागेवर बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी पलीकडचं दार उघडून शेजारी बसले.

“किती महिने?” मी विचारलं.

त्यानं उगाच सोंग केलं नाही. “मार्चपर्यंत,” म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

मंडळाला गॅलंटमध्ये हिवाळ्यासाठी राखणदार हवा होता. लोक येतात, जुनी दारं उचकटून नेतात, फळ्या जाळून शेकोट्या करतात. शाळेच्या खोलीत शेगडी होती, पलंग होता, बोलायचा रेडिओ होता. मर्लनं जूनमध्येच हो म्हणून टाकलं होतं. जून! आणि मी इकडं पायरीशी त्याचा हात धरत होते.

“तुला दिसत नाही, मर्ल. तू काय राखणार?”

“चोराला कुठं माहीत आहे मला दिसत नाही ते?” तो म्हणाला. मग त्यानं मान तिरकी केली. “तिथं मला दिसायची गरज नाही गं. शाळेच्या दारापासून झरा एकशे बारा पावलं. लाकडाची खोप चाळीस. एकूण एक पायरी मी ठोकलीय. इथं मी तुझ्या हातातली पिशवी झालोय. तू नेशील तिकडं जायचं, तू ठेवशील तिथं बसायचं.”

“मला वाटलं तू मरायला निघालायस.”

“बारा गॅलनमुळे?”

“बारा गॅलनमुळे.”

“चुकलंच,” तो म्हणाला. “सोळा सांगायला हवं होतं.”

हा असा माणूस. मी दोन दिवस मेल्यासारखी वावरत होते आणि याला गणित चुकल्याचं वाईट वाटत होतं. मी त्याला वाटेल ते बोलले. अडतीस वर्षांचं बोलले, मागच्या नळाचंही बोलले. शेवटी विचारलं की मला सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, तू नको म्हणाली असतीस, आणि तू नको म्हणालीस की माझ्यानं जाववत नाही. मग मी विचारलं की चल म्हणून तरी कधी विचारलंस का.

“तू डांबर सोडून कधी गेलीच नाहीस,” तो म्हणाला. “तुला नाही आवडत.”

“आणि कागद कोण सांभाळणार होतं?”

खरं सांगते, त्यानं या गोष्टीचा अडतीस वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

मग मी माझ्या अटी सांगितल्या. गॅलंटला राहायला मी येणार नाही. आठवड्याचे तीन दिवस मी गावातल्या वाचनालयात असते, ते मला आवडतं, आणि उंदरांबरोबर संसार करायची मला हौस नाही. पण गाडी ड्वाइट नाही, मी चालवणार. महिन्यातून एकदा सामान मी आणणार, खिंडीत बर्फ असेल तेव्हाच मंडळानं आणायचं. आणि कागद यापुढं मी लिहिणार. मर्ल म्हणाला, तुला वाळूत चालवता येत नाही. मी म्हणाले, तुला येतं, मग शिकव.

दहा दिवस आम्ही रोज कोरड्या तळ्यावर आणि त्याच्या वरच्या ओढ्यात जात होतो. पहिल्या दिवशी मी गाडी दरवाजापर्यंत रुतवली. मर्ल शेजारी, मान खिडकीकडे वळवलेली, एक हात दाराच्या पत्र्यावर. टायरखाली काय आहे ते त्याला हातानं कळायचं. ब्रेक सोड. आता खडी आली. आता थांबू नकोस, नॅडीन, आता थांबलीस की संपलं. मी त्याला एवढ्या शिव्या दिल्या की रानगाढवंसुद्धा लांब गेली. सातव्या दिवशी मी खालच्या गिअरमध्ये ओढ्याचा चढ एका दमात चढले. त्यानं पत्र्यावर दोनदा थाप मारली. इतक्या वर्षांत मला एवढी शाबासकी कधी मिळाली नव्हती.

निघताना कागद मायतेच्या ओट्यावर चिकटवला. माणसं दोन, पाणी सोळा गॅलन. परतणारी मी एकटीच होते, तरी बारा हा आकडा मला लिहवला नाही.

वाटेचं फार सांगत नाही. पायपरची गिरणी म्हणजे दगडी भिंती आणि वाऱ्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी खिंडीच्या अलीकडे वाट दुभंगली आणि नकाशात त्याचा पत्ता नव्हता. मर्लनं विचारलं, “बॉयलर दिसतोय? मोठा, गंजलेला? त्याच्या डावीकडून घे. सरळची वाट वाहून गेलीय.” मी डावीकडून घेतली. खिंडीच्या माथ्यावर एका चाकाखाली नुसती हवा होती, तेव्हा मी डोळे मिटले होते हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्या घटकेला गाडीत बघणारं कोणीच नव्हतं.

दुपारी गॅलंटला पोचलो. पंधरावीस घरं, शाळा, एक उभी चिमणी. गाडी थांबताच मर्ल उतरला. माझा हात सवयीनं पुढं गेला, तोवर तो निघालाही होता. शाळेच्या पायऱ्या तो न चाचपता चढला, चौकटीवरून किल्ली काढली, दार उघडलं, आत जाऊन खिडक्या सताड उघडल्या. मार्चपासून मी त्याला असं चालताना पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला. पुढं केलेला हात मी कोटाच्या खिशात घातला.

दोन दिवस राहून त्याचं सामान लावून दिलं. निघायच्या सकाळी शेगडीवरच्या भिंतीला कागद लावला. जाडजूड पेननं, बोटाएवढी अक्षरं काढली, तरी त्याला दिसणार नव्हतीच, म्हणून वाचूनही दाखवलं. जाणारी: नॅडीन, एकटी. मुक्काम: पायपरची गिरणी. पाणी: चार गॅलन. घरी पोचायची वेळ: मंगळवार, संध्याकाळी सहा. गॅलंटचा रेडिओ थेट आमच्या स्वयंपाकघरात लागतो, शेरीफलाही लागतो. मधल्या दऱ्यांत मात्र कोणालाच काही ऐकू येत नाही.

“नऊ लिही,” मर्ल म्हणाला. “वाटेत काहीही होतं.”

“सहा,” मी म्हणाले.

कागदाखाली मी बोलणारं घड्याळ ठेवलं. बटण दाबलं की त्यातली बाई वेळ सांगते. मे महिन्यात आणलं होतं. घरी त्यानं त्याला हातही लावला नव्हता.

येताना मी एकटी होते. भीती वाटली, खूप वाटली, आणि गिरणीपाशी सकाळी कॉफी पिताना अशी मजा वाटली की मलाच लाज वाटली. बॉयलर डावीकडे आला. तळं सुकं होतं. मंगळवारी पाचला दहा कमी असताना मी आमच्या अंगणात गाडी लावली.

आत आले, बूट काढले, कॉफी केली आणि रेडिओसमोर बसले. हात बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला. सहाला अजून साठ मिनिटं होती. वाट बघू दे, मी मनात म्हटलं. सहाला एक मिनिट कमी असताना सांगेन. साडेतीन तासांतला तासभर तरी त्याच्याकडून परत घेईन. कॉफी प्यायले. उठले, नळाखाली हात धुतले, बसले. फ्रिजचं दार रिकामं होतं. परत उठले. वाट तो बघत होता आणि घरभर मी फिरत होते.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी रेडिओ खरखरला.

“नॅडीन,” मर्लचा आवाज आला. “अजून वेळ झालेली नाही, ठाऊक आहे मला. नुसतं विचारतोय.”

मी उत्तर दिलं नाही. त्यानं बोलायचं बटण सोडलं नव्हतं. त्याच्या मागे घड्याळातली बाई म्हणाली, पाच वाजून पस्तीस मिनिटं. थोड्या वेळानं परत म्हणाली, पाच वाजून पस्तीस मिनिटं. मग, पाच वाजून छत्तीस. मग परत छत्तीस. मग बटण सुटलं आणि खरखर थांबली.

माझ्यानं पुढं राहवलं नाही. मी बटण दाबलं.

“आत्ताच दारातून आत आले,” मी म्हणाले. समोरचा कप रिकामा होता.

पलीकडून त्यानं नाक शिंकरल्याचा आवाज आला. पाणी किती उरलं, त्यानं विचारलं. दोन गॅलन, मी म्हणाले. बरोबर आहे, म्हणाला, तेवढंच उरायला हवं.

“त्या वर्षी साडेतीन तास होते ना गं?” त्यानं विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “साडेतीन.”